स्वमग्नता जागृती दिनाचे बोधचिन्ह

(अधिकारी, शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या उद्बोधन वर्गात एका माहिती अधिकाऱ्याने केलेले भाषण)



संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १८ डिसेंबर २००७ रोजी केलेल्या ठरावानुसार २००८ पासून २ एप्रिल हा जागतिक स्वमग्नता जागृती दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडेही त्या दिवशी मेळावा भरतो. त्याच्या बोधचिन्हाविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. मी चित्रकार नव्हे. छापखान्यात खेपा घालणारा माहिती खात्यातला माणूस आहे.

मागील मेळाव्याच्या वेळी आम्ही घाईने एक नमुना करून घेतला. निळी पार्श्वभूमी, चित्रकोड्याचा एक तुकडा आणि त्यात डोळे पुसणारे मूल. कार्यालयात तो सर्वांना पसंत पडला. योगायोगाने एक माता आपल्या वीस वर्षांच्या स्वमग्न मुलास घेऊन आल्या होत्या. त्याने ते चित्र बराच वेळ न्याहाळले व विचारले, “या मुलाला कोणी मारलं?” उत्तर आमच्यापैकी कोणापाशीच नव्हते. नमुना मागे घेतला. छपाई दोन दिवस लांबली.

त्यानंतर मी या तुकड्याचे मूळ शोधले. १९६३ साली लंडनमधील पालकांच्या एका संस्थेने, म्हणजे आजच्या नॅशनल ऑटिस्टिक सोसायटीने, हे चिन्ह स्वीकारले. जेराल्ड गॅसन या पालक सदस्याने ते रेखाटले होते आणि त्यातही रडणारे मूल होते. आमच्या चित्रकाराने नकळत साठ वर्षांपूर्वीचेच चित्र पुन्हा काढले होते! त्या पालकांना दोष देणे मात्र न्यायाचे होणार नाही. आईच्या मायेच्या अभावी मूल असे होते, असे त्या काळी विद्वान म्हणविणारेही सांगत. हे आम्हांस न उलगडलेले कोडे आहे, एवढे म्हणणे हाच त्यांचा प्रतिवाद होता.

परंतु ती मुले मोठी झाली, बोलू-लिहू लागली, आणि ‘आम्ही कोडे नव्हे, अपुरे तुकडेही नव्हे’ असे सांगू लागली. सामान्य लोकांची चाचणी घेतली असता त्यांच्याही मनात हा तुकडा अपूर्णता व विचित्रपणा यांच्याशी जोडलेला आढळला. ‘ऑटिझम’ या शास्त्रीय नियतकालिकाने २०१८ मध्ये तो आपल्या मुखपृष्ठावरून काढून टाकला. इंद्रधनुष्यी अनंतचिन्ह, म्हणजे आडवा पाडलेला इंग्रजी आठ, २००५ च्या स्वमग्न अभिमान दिनापासून प्रचारात आले. ते स्वमग्न व्यक्तींनी स्वतः पुढे आणलेले आहे. निळ्या रंगाचा प्रसार मुख्यतः ऑटिझम स्पीक्स या अमेरिकन संस्थेच्या २०१० पासूनच्या मोहिमेमुळे झाला. निळा म्हणजे मुलगे, असा त्याचा अर्थ लावला जातो, आणि मुलींची स्वमग्नता आधीच नजरेआड राहते. शिक्षकांनी हे ध्यानात घ्यावे. वर्गात गप्प बसणारी मुलगी आपण ‘शहाणी’ म्हणून सोडून देतो.

चाकांच्या खुर्चीचे चिन्ह १९६८ मध्ये निघाले आणि जगभर समजले, कारण खुर्ची डोळ्यांना दिसते. स्वमग्नतेला असे दृश्य साधन नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत तिचा समावेश आहे; तरी ग्रामसभेत तिची खूण कशी पटवायची? म्हणून चित्राखाली ‘स्वमग्नता’ हा शब्द ठसठशीत, साध्या अक्षरांत हवाच. पंचायतीच्या भिंतीवर ते चिन्ह गावचा रंगारी दोन रंगांत काढू शकला पाहिजे आणि परिपत्रकाच्या काळ्या-पांढऱ्या प्रतीतही ओळखू आले पाहिजे. इंद्रधनुष्याची खरी अडचण येथेच येते. झगमगते दिवे तर नकोतच. अनेक स्वमग्न व्यक्तींना प्रखर प्रकाश व गोंगाट असह्य होतात. त्या तरुणाने आम्हांस दुसरा प्रश्न विचारला होता तो ध्वनिक्षेपक किती वाजता बंद होणार, हा. त्या वर्षी आम्ही तो लावलाच नाही.

यंदाचे तीन नमुने मागील टेबलावर मांडले आहेत. प्रत्येकाखाली अभिप्रायासाठी कोरी जागा आहे. तो तरुण व त्याची एक मैत्रीण दुपारी शेजारच्या खोलीत बसणार आहेत. आपण एकेकाने आत जावे, सावकाश बोलावे आणि उत्तरासाठी थोडे थांबावे. त्यांनी नापसंत केलेला नमुना छापखान्यात जाणार नाही, असे आम्ही ठरविले आहे.