समुद्रतळाशी संवाद

डिसेंबर 2024मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनी दक्षिण हिंदी महासागरात सुमारे 4,500 मीटर खोलीवरच्या उष्ण झऱ्याची छायाचित्रं मिळवली. ती टिपली चालकाविना फिरणाऱ्या एका पाणबुड्या यंत्रानं. मोहीम चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेची आणि गोव्याच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राची.

अशा यंत्राच्या अभियंत्याची खरी कसोटी ते पाण्यात सोडण्याआधीच लागते. समुद्राच्या पाण्यात रेडिओलहरी फार आत शिरत नाहीत, त्यामुळे खाली जीपीएसही चालत नाही. बोलायचं ते ध्वनीच्या आधारानं. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 1,500 मीटर. म्हणजे एवढ्या खोलीवर निरोप पोचायला तीन सेकंद आणि उत्तर यायला आणखी तीन. तेवढ्यात समोर कडा आला, तर निर्णय यंत्रानंच घ्यायचा! म्हणून मार्गाची आखणी, बॅटरी, तरंगण्याचा तोल, पाणी शिरू न देणारा प्रत्येक जोड, सगळं जहाजावरच तपासावं लागतं.

पिंपळे सौदागरहून चाकणच्या कारखान्यांत जाणाऱ्या तरुण अभियंत्यांनो, सेन्सर, मोटार, बॅटरी ही तुमच्या रोजच्या कामातलीच विद्या आहे. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं तर ‘माया’ नावाचं असं यंत्र गोव्यातच विकसित केलं. या संस्थांच्या भरतीच्या जाहिरातींवर जरूर लक्ष ठेवा.