पाण्याचं तोंड मोकळं ठेवा

दुपारची भांडी आवरून जरा टेकला असाल, तर दहा मिनिटं इकडे कान द्या. ज्यांच्या गटाने शोभेच्या माशांचा जोडधंदा धरलाय, किंवा धरायचा विचार आहे, त्यांच्यासाठी आजचं बोलणं आहे. विषय आहे टाकीतल्या पाण्यावर येणारा तवंग, आणि तो काढायचं साधन, ज्याला दुकानात सरफेस स्किमर म्हणतात. ऐकायला बारीकसारीक वाटेल. पण या तवंगापायी आमच्या गटाची एका उन्हाळ्याची मेहनत पाण्यात गेली, म्हणून सांगते.

आम्ही दहाजणी. गटातून कर्ज काढून माझ्या मागच्या पडवीत काचेच्या सहा टाक्या मांडल्या. गप्पी, मॉली असे पिल्लं देणारे मासे ठेवले. एप्रिलमध्ये विक्रीला साठ मॉली तयार झाल्या. न्यायला सोपं जावं म्हणून सगळ्या एकाच टाकीत आणून सोडल्या. त्या पाण्यावर काही दिवसांपासून इंद्रधनुष्यासारखी झाक दिसत होती. मला वाटलं, उन्हाने चकाकतंय. मग पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. एका दुकानात विचारलं, तर म्हणाले रोग आहे, औषध टाका. मी टाकलं. दोन दिवसांनी रात्रभर वीज गेली, हवेचा पंप बंद पडला. सकाळी टाकीपाशी गेले तर जेमतेम नऊ मासे जिवंत होते.

गटाच्या बैठकीत हे सांगताना माझ्या घशातून आवाज फुटेना. त्या महिन्याचा हप्ता आम्ही बचतीतून भरला. कुणी मला बोल लावला नाही, पण आमच्यातल्या एक वयस्कर काकू म्हणाल्या, "मासे रोज वर येऊन सांगत होते की गं, आपल्याला कळलं नाही." ते शब्द अजून मनात आहेत.

पुढे प्रशिक्षणात उलगडा झाला. मासे कल्ल्यांनी पाण्यात विरघळलेला प्राणवायू घेतात. तो पाण्यात शिरतो मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून, आणि माशांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो तोही तिथूनच. म्हणजे पृष्ठभाग हे पाण्याचं तोंड. त्यावर तवंग साचला की ही देवघेव मंदावते. त्यात उन्हाळा. पाणी जितकं गरम, तितका प्राणवायू त्यात कमी मावतो. 20 अंशाच्या एका लिटर पाण्यात साधारण 9 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशाला साडेसातच. शिवाय टाकीत पाणवनस्पती असतील तर रात्री त्याही प्राणवायूच घेतात. म्हणून पहाट ही सगळ्यात अवघड वेळ. आमच्याकडे गर्दी, उष्मा, बंद पंप आणि तवंग, चारही गोष्टी एकत्र आल्या. रोग असल्याचं दुसरं एकही लक्षण नव्हतं.

तवंगाची ताकद तुम्हाला नवी नाही. डासांच्या अळ्या मारायला डबक्यात जळकं ऑइल टाकलेलं आपण पाहिलंय. अळीला श्वासासाठी वर यावं लागतं, आणि तेलाचा थर तिची वाट अडवतो. माशाचा श्वास वेगळा, पण पाण्याचं तोंड बंद झाल्याचा त्रास त्यालाही होतोच.

हा तवंग येतो कुठून? माशांच्या खाद्यातलं तेल, उरलेलं खाणं, कुजलेली पानं, त्यावर वाढणारे जिवाणू. आमच्या पडवीत आणखी एक कारण निघालं. पडवी आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत वरून मोकळी. रोजच्या फोडणीची वाफ टाकीवर बसत होती. डोक्याला तेल चोळलेला हात तसाच पाण्यात घालणं, हेही आमच्याकडून व्हायचं. आणि डासांचा फवारा तर टाकीजवळ मारूच नका. तो माशांना विषासारखा आहे.

तवंग ओळखायचा कसा? हवेच्या पंपाचे बुडबुडे वर येऊन लगेच फुटायला हवेत. ते तसेच तरंगत राहिले, तर तवंग आहे असं समजा. टॉर्च तिरपी धरून बघा, झाक दिसते.

आता स्किमर. कालवणावरची तर्री कशी काढतो? पळीची कड वरच्या थराला जेमतेम टेकवतो, तर्री आपोआप पळीत उतरते. पळी खोल बुडवली तर नुसता रस्सा येतो. स्किमरचं काम असंच. त्याला एक पेला असतो, त्याची कड पाण्याच्या पातळीला लागून राहते. लहान पंप खालून पाणी ओढतो, तसं वरचं पाणी पेल्यात ओघळतं. त्यातला मळ स्पंजात अडकतो आणि पाणी परत टाकीत जातं.

वापरताना सांभाळायच्या गोष्टी अशा. पाणी आटून पातळी खाली गेली की काही स्किमर नुसती हवा ओढतात, खडखड आवाज येतो आणि पंप खराब होतो. म्हणून रोज पातळी बघा, पाणी भरा. खाद्य घालताना तो बंद ठेवा, नाहीतर तरंगणारं खाद्य सगळं त्याच्याच पोटात. गप्पीची पिल्लं वरच पोहतात आणि ओढली जातात. पिल्लांच्या टाकीत तो लावू नका, लावायचाच तर पेल्याच्या तोंडावर बारीक जाळी बसवा. फायटर मासा पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं करून त्यात अंडी ठेवतो, तिथेही स्किमर नको. दिवसभर चालवायची गरज नसते. आम्ही सकाळी तासभर चालवतो, तेवढ्यात पाणी स्वच्छ होतं. स्पंज आठवड्यातून एकदा टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात पिळायचा, साबण लावायचा नाही. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करून पिन काढायची. वायरला सॉकेटच्या खाली झोळ ठेवायचा, म्हणजे वायरवरून आलेलं पाणी सॉकेटात न जाता खाली ठिबकतं.

दुकानात मागताना नीट सांगा. प्रोटीन स्किमर नावाचं दुसरं यंत्र असतं. ते फेस करून मळ काढतं आणि खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी असतं. गोड्या पाण्यात नीट फेस धरत नाही, पैसे वाया जातात.

स्किमर घ्यायला आज पैसे नसतील, किंवा वीज नसेल, तरी अडत नाही. हवेचा पंप क्षणभर बंद करा, पाणी स्थिर होऊ द्या. टाकीच्या मापाचा टिश्यूसारखा कोरा, पाणी शोषणारा कागद पाण्यावर अलगद पसरा आणि एका कडेने ओढत उचला. तवंग कागदाला चिकटून येतो. दोन-तीन कागदांत पाणी मोकळं होतं. नाहीतर वाटी घ्या, कड पाण्याला जेमतेम टेकवा आणि वरचं पाणी वाटीत येऊ द्या. झालं की पंप लगेच सुरू करायला विसरू नका.

पण मैत्रिणींनो, स्किमर तवंग काढतो, तवंगाचं कारण काढत नाही. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच घाला. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. नळाच्या पाण्यात क्लोरीन असेल तर ते एक दिवस उघड्या पिंपात ठेवून मग वापरा. टाकीत गर्दी करू नका. हवेचा पंप आणि फिल्टर यांची जागा स्किमर घेत नाही, हेही लक्षात असू द्या.

आम्ही टाक्या स्वयंपाकघरापासून हलवल्या. पहाटेची पाळी लावली, रोज एक जण उठून टाक्या बघते आणि वहीत दोन ओळी लिहिते. मासे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले, तर औषधाच्या बाटलीला हात लावायच्या आधी पाण्याचं तोंड बघायचं, हा आमचा नियम झालाय. त्या उन्हाळ्याचा खड्डा भरायला दोन हंगाम लागले, पण भरला.

उद्या पहाटे टॉर्च घेऊन आपापल्या टाकीपाशी जरा उभ्या राहा. बुडबुडे फुटतात का, बघा. आणि जे दिसेल ते गटाच्या बैठकीत सांगा.