कल्हईचं पातेलं



दीक्षान्त समारंभाला पाहुण्यांनी काय बोलायचं असतं, ते मला पाठ आहे. त्यातलं काही मी बोलणार नाही. चौतीस वर्षं मी प्रथम वर्षाला सामान्य मानसशास्त्र शिकवलं. आज त्यातलाच स्मृतीचा धडा पुन्हा घेते. हजेरी नाही, परीक्षाही नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं गेलं आणि मुठेचं पाणी पुण्यात शिरलं. मी पाच वर्षांची होते. आमचं बिऱ्हाड शनिवार पेठेतल्या एका वाड्यात. मी वरच्या मजल्याच्या गॅलरीत उभी आहे, हातात कठड्याचे गज आहेत, खाली गढूळ लोंढा, आणि त्यावरून गिरक्या घेत एक पितळी पातेलं चाललंय. आतली कल्हई उन्हात लखलखतेय. जुलैतल्या त्या दिवशी एवढं ऊन कुठून आलं, हे मी स्वतःला कधी विचारलं नाही. उलट स्मृतीचा धडा आला की वर्गाला हेच उदाहरण द्यायचे: बघा, पाच वर्षांच्या मुलीच्याही मनावर प्रसंग कसा कोरला जातो!

आई गेल्यावर तिची ट्रंक उघडली. त्यात बाबांनी जपून ठेवलेलं एक पोस्टकार्ड होतं, आईनं साताऱ्याहून लिहिलेलं, तारीख १३ जुलै १९६१. पुराची बातमी ऐकल्यापासून जीव थाऱ्यावर नाही, लगेच खुशाली कळवा. दोन्ही मुलं इथे माझ्याजवळ आहेत. म्हणजे मी आजोळी होते. ज्या गॅलरीतून मी आयुष्यभर पूर पाहत आले, तिथे त्या दिवशी मी नव्हतेच.

पातेलं पुण्यातल्या आजीचं. ते तिनं पाहिलं, आणि पुढे दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा भावंडांना सांगितलं. कधीतरी ऐकता ऐकता मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले असणार.

स्मृती म्हणजे कपाट, त्यात प्रसंग घड्या घालून ठेवलेले असतात आणि हवा तेव्हा काढता येतो, अशी आपली समजूत. तुमच्या पिढीत कपाटाच्या जागी मोबाइलची फोटो गॅलरी आली, समजूत तीच. केंब्रिजच्या फ्रेडरिक बार्टलेटनं १९३२ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात तिला मोठा धक्का दिला. त्यानं इंग्लिश लोकांना अमेरिकेतल्या आदिवासींची एक भुताखेतांची लढाईची गोष्ट वाचायला दिली आणि काही काळानं, काहींना तर पुन्हा पुन्हा, ती लिहायला सांगितली. होडगं होतं, त्याची इंग्लिश बोट झाली. सीलची शिकार होती, ती साधी मासेमारी झाली. जे त्यांच्या जगात बसत नव्हतं ते गळलं, उरलेलं त्यांच्या ओळखीच्या साच्यात बसलं. कुणी मुद्दाम बदल केले नव्हते. प्रत्येकजण आपल्याला आठवतं तेच लिहीत होता.

मला मराठीतलं 'आठवतं' हे क्रियापद म्हणूनच आवडतं. 'मी आठवलं' असं आपण सहसा म्हणत नाही, 'मला आठवतं' म्हणतो. भूक लागते, थंडी वाजते, तसं ते आपल्याला होतं. कुठून येतं, वाटेत कुणाच्या घरी थांबून येतं, हे आपल्याला विचारून नाही.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४ चा प्रयोग तुम्ही परीक्षेत पाच मार्कांना लिहिला आहे. विद्यार्थ्यांना मोटारींच्या अपघाताची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. सगळा फरक एका क्रियापदाचा. गाड्या एकमेकींवर जोरात आदळल्या तेव्हा वेग किती होता, असं विचारलं तर सरासरी उत्तर ताशी चाळीस मैलांच्या थोडं वर. एकमेकींना टेकल्या तेव्हा, असं विचारलं तर ३१.८. दुसऱ्या प्रयोगातल्या मुलांना आठवड्यानं विचारलं, फुटलेली काच पाहिलीत का? 'आदळल्या' ऐकलेल्या पन्नासांपैकी १६ जणांनी हो म्हटलं. सौम्य क्रियापद ऐकलेल्या पन्नासांपैकी ७ जणांनी. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. तुमच्यातले जे पत्रकार, वकील, समुपदेशक किंवा नुसते आईबाप होतील, त्यांनी प्रश्न विचारताना ही काच आठवावी.

पण प्रयोगशाळेतली काच कुणाला कापत नाही. १९८४ च्या जुलैत अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, बर्लिंग्टन गावी, जेनिफर थॉम्प्सन या बावीस वर्षांच्या विद्यार्थिनीवर घरात घुसून एकानं बलात्कार केला. त्या वेळातही तिनं ठरवलं की जगले वाचले तर याला ओळखायचं, म्हणून ती त्याचा चेहरा निरखत राहिली. पुढे पोलिसांनी दाखवलेल्या फोटोंतून तिनं रोनाल्ड कॉटनला निवडलं. मग समोर उभ्या केलेल्या रांगेतूनही त्यालाच. फोटोतही तू हाच निवडला होतास, असं पोलिसांनी तिला सांगितलं आणि तिची खात्री आणखी पक्की झाली. कॉटनला जन्मठेप झाली. १९८७ च्या दुसऱ्या सुनावणीत बॉबी पूल नावाच्या माणसाला तिच्यासमोर आणलं, तिनं त्याला ओळखलं नाही. १९९५ मध्ये डीएनए तपासणी झाली. गुन्हेगार पूल होता. कॉटन दहा वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता.

खोटी साक्ष म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खोटारडा साक्षीदार येतो. जेनिफर खोटारडी नव्हती. तिनं आणि कॉटननं पुढे मिळून पुस्तक लिहिलं आणि साक्षीदारांकडून ओळख पटवण्याच्या पद्धती सुधाराव्यात म्हणून एकत्र भाषणं केली. कॉटनच्या जागी मी असते तर मला हे जमलं नसतं.

तुमच्यातल्या फारच थोड्यांनी कल्हईवाला पाहिला असेल. तो वाड्याच्या चौकात भाता लावायचा, पातेलं विस्तवावर धरायचा, नवसागर टाकला की धूर उठायचा, मग कथील फिरवून बोळ्यानं झरझर पुसायचा. भांडं तापल्याशिवाय कथील बसत नाही. २००० साली न्यूयॉर्कमध्ये करीम नादर आणि जोसेफ लडू यांच्या गटानं उंदरांवर केलेला प्रयोग वाचताना मला तो चौकच दिसला. उंदरांच्या मनात एका आवाजाची भीती पक्की बसवलेली होती. तो आवाज पुन्हा ऐकवून ती आठवण जागी केली, आणि लगेच मेंदूच्या भीतीशी संबंधित भागात प्रथिनं बनू न देणारं औषध टोचलं, तर भीती पुसट झाली. आवाज न ऐकवता तेच औषध दिलं, तर भीती होती तशीच. जुनी, घट्ट झालेली आठवण जागी केली की काही काळ मऊ पडते आणि पुन्हा थिजावी लागते. त्या मऊ वेळात तिच्यात काय मिसळेल ते सांगता येत नाही. माणसात हे नेमकं किती आणि केव्हा होतं, यावर अजून वाद आहेत. मात्र कल्हईच्या चकाकीवरून भांडं किती जुनं ते कळत नाही, एवढं मी त्यातून घेतलं. चकाकी शेवटच्या कल्हईची असते.

आता एक चांगली बातमी, कारण पालक काळजीत दिसतात. तीन वर्षांत शिकलेलं तुमची मुलं बहुतेक विसरली आहेत आणि त्यात त्यांचा दोष नाही. हेर्मान एबिंगहाउसनं स्वतःवरच प्रयोग करून, निरर्थक अक्षरांच्या याद्या पाठ करकरून, १८८५ साली दाखवलं की पाठ केलेल्यातलं निम्म्याहून जास्त पहिल्या तासाभरातच निसटतं. त्यावरचा उपाय आपल्या आज्यापणज्यांच्या हातात होता. पाढ्यांच्या पुस्तकाला ते उजळणी म्हणायचे आणि त्यात निमकी, पावकी, दिडकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेसुद्धा असायचे. गुरुजी 'वाच' म्हणत नसत, 'म्हणून दाखव' म्हणत. २००६ साली रोडिगर आणि कार्पिके यांनी हेच मोजलं. उतारा दुसऱ्यांदा वाचणारी मुलं पाच मिनिटांनी पुढे होती. आठवड्यानं मात्र, न बघता आठवून लिहिणाऱ्या मुलांना ५६ टक्के आठवत होतं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के. गुरुजींची छडी मात्र या प्रयोगात कुठेही नव्हती, हे मला मुद्दाम सांगायचं आहे.

आणि हात बसणं हे वेगळंच प्रकरण. हेन्री मोलेसन या माणसाच्या अपस्मारावर १९५३ साली मेंदूची शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर त्याला नवं काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. रोज त्याचा हात सुधारत गेला आणि हे आपण कधी केल्याचं त्याला आठवत नव्हतं. हात बसला होता, माणसाला पत्ता नव्हता.

शेवटचा प्रयोग, मग तुम्ही पदव्या घ्यायला मोकळे. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर यान आकाशात फुटलं. दुसऱ्या दिवशी अल्रिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे ऐकली, कुणाबरोबर होता, काय करत होता. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना तेच विचारलं. अनेकांची उत्तरं पार बदलली होती, खात्री मात्र भक्कम. मग त्यांच्याच हस्ताक्षरातला जुना कागद पुढे ठेवला. जुनी आठवण परत आली नाही. डोक्यातली नवीच खरी वाटत राहिली.

हा प्रयोग मी कितीतरी वर्षं शिकवला आणि मुलांबरोबर हसले. पोस्टकार्ड सापडलं तेव्हा त्याचा फोटो काढून न्यू जर्सीतल्या माझ्या थोरल्या भावाला पाठवला. तोही तेव्हा साताऱ्याला होता, आठ वर्षांचा. तोही आयुष्यभर त्याच गॅलरीतून तेच पातेलं पाहत आला आहे. रात्री त्याचं उत्तर आलं. आईचं अक्षर पाहून बरं वाटलं, म्हणाला, आणि तारीखही बरोबर दिसते. पण तुझी एक चूक होते आहे. पातेलं पितळेचं नव्हतं, तांब्याचं होतं.

तुम्हा सगळ्यांचं मनापासून अभिनंदन. आणि ते पितळेचंच होतं.