माशाच्या खाद्यातलं तेल

हैदराबादच्या रामनगर बाजारातले रोहू, कटला बरेचसे आंध्रच्या तळ्यांतून येतात. तिथलं जुनं खाद्य म्हणजे भाताचा कोंडा आणि शेंगदाण्याची पेंड. खाद्य कोणतंही असो, त्यात तेल बेताचं असलं, की मासा ऊर्जेसाठी तेच जाळतो. महागडी प्रथिनं वाढीला उरतात. तेल वाढलं, की यकृतात ‘पीपीएआर-अल्फा’ हे नियंत्रक प्रथिन सीपीटी-१ जनुकाला कामाला लावतं. मग तेलातली मेदाम्लं पेशीच्या भट्टीत, म्हणजे मायटोकाँड्रियात, जाऊ लागतात. नवी चरबी बनवणारी जनुकं मंदावतात. छान व्यवस्था, पण तिला मर्यादा आहे! अतिरेक झाला, की यकृतातच चरबी साचते आणि वाढ खुंटते. तेव्हा मत्स्यपालकांनो, खाद्य घेताना पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा पाहताच. शेजारचा चरबीचाही वाचा.