साडीखालचे मोजे

साताऱ्यातल्या शाळेत ३० वर्षं मी फळ्यापुढे उभी राहिले. पिंढऱ्यांवर शिरा फुगल्या, तेव्हा सांगलीच्या डॉक्टरांनी दाबाचे मोजे सांगितले. थंडीत चपलेत घालायचे अंगठ्याचे मोजे ठाऊक होते, हे नवीनच! "साडीवर मोजे? लोक हसतील," मी म्हणाले.

१९४० मध्ये अमेरिकेत नायलॉनचे मोजे विक्रीला आले, ते मिरवायला. महायुद्धात तेच नायलॉन पॅराशूटसाठी गेलं. माझे मोजे घोट्याशी घट्ट, वर सैल. त्यामुळे रक्त वर चढायला मदत होते. सकाळी अंथरुणातून उतरण्याआधीच ते घालते.

माझी आई जन्मभर ओट्यापाशी उभी राहिली. तिचे पाय ठणकायचे. आम्ही कधी विचारलंच नाही. भगिनींनो, पाय झाकले तरी दुखणं झाकू नका. डॉक्टरांना दाखवा.