गावाने यजमान व्हावे



नाचाचा उत्सव भरवायचा म्हटले की आपल्याकडे पहिला प्रश्न निघतो तो पैशाचा. आम्हांला वाटते, पहिला प्रश्न यजमानाचा आहे.

आपला गोंधळच घ्या. तुळजाभवानी आपल्याच जिल्ह्यातली. तिचे गोंधळी ते कदमराई, माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई. घरात लग्न पार पडले की यजमान चौक मांडतो, दिवटी पेटते आणि संबळ-तुणतुण्याच्या साथीवर गोंधळी रात्र जागवतात. तेल घालणारा, बैठक अंथरणारा, पंगत वाढणारा यांपैकी कोणी मजुरी मागत नाही. गोंधळ्याला मात्र बिदागी मिळते. उत्सवाचे सारे शास्त्र एवढ्यात आले.

पण आता पुष्कळ घरी गोंधळ तासाभरात उरकतो. यजमानाने हात आखडला की कलावंताला दुसरी वाट धरावी लागते. हे आपल्याकडेच घडते असे नाही. न्यूयॉर्क शहरातील हार्लेम या काळ्या लोकांच्या वस्तीत, १९२० नंतरच्या दशकात, जॅझच्या तालावर जोडीने करायचा ‘स्विंग’ नाच बहरला. त्याचे माहेरघर ‘सॅव्हॉय’ नृत्यगृह १९५८ साली बंद पडले. तेथला अव्वल नर्तक फ्रँकी मॅनिंग त्याआधीच, १९५५ साली, टपालखात्यात चाकरीला लागला होता. नाच त्याच्या पायांत शाबूत होता. यजमान तेवढा हरवला होता. पुढे १९८६ साली तरुण मंडळी त्याला शोधीत आली. स्वीडनमधील हेर्रेंग नावाच्या खेड्यात १९८२ पासून उन्हाळी नृत्यशिबिर भरू लागले होते. तेथे स्वयंसेवक कामे वाटून घेत आणि म्हातारा मॅनिंग पोरांना पावले शिकवी.

आपल्याला हे अवघड का वाटावे? जानेवारी २०२० मध्ये, या शहराचे नाव उस्मानाबाद असताना, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथेच भरले. त्याच शहराने वर्षातून एक रात्र गोंधळासाठी जागावी. मंडप, पाणी, पंगत, झाडलोट ही कामे आपण विनावेतन वाटून घ्यावीत. पथ्य एकच: सेवेचे नाव पुढे करून गोंधळ्याची बिदागी कापू नये. सेवा आपली; कला हे त्याचे पोट आहे. उद्या त्याचा मुलगा गळ्यात संबळ अडकवील की नाही, हे पुष्कळसे त्या बिदागीवर ठरणार आहे.