घरचें मुकें माणूस

सातार्‍याजवळ कृष्णा व वेण्णा या नद्यांच्या संगमावर माहुली हें क्षेत्र आहे. तेथें छत्रपति शाहूमहाराजांच्या खंड्या नांवाच्या कुत्र्याची समाधि दाखवितात. शिकारीच्या प्रसंगीं वाघ चालून येत असतां त्यानें भुंकून धन्याला सावध केलें, अशी कथा परंपरेनें चालत आली आहे. त्याबद्दल त्याला जहागीर व पालखीचा मान मिळाला, असेंही सांगतात. कुत्र्याला जहागीर, हें ऐकून हंसूं येतें. परंतु समाधीपाशीं तें हंसूं ओसरतें. बक्षीस चाकरालाही देतात. मरणानंतर स्मरण मात्र घरच्याच माणसाचें ठेवतात.

ही भावना फार प्राचीन आहे. जर्मनींत बॉन शहरालगत ओबेरकासेल येथें १९१४ सालीं सुमारें १४,००० वर्षांपूर्वींचें एक दफन उघडकीस आलें. एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांच्यासमवेत एक कुत्रें. त्या कुत्र्याच्या दांतांची पुढें तपासणी होऊन २०१८ सालीं संशोधकांनीं असा निष्कर्ष मांडला कीं, पिलूं असतांना तें कित्येक आठवडे गंभीर आजारी होतें आणि माणसाच्या शुश्रूषेवांचून तें तितके दिवस जगलें नसतें. आजारी पिलूं शिकारीच्या कामाचें नव्हे. तरी कोणीतरी त्याला ऊब दिली, पाणी पाजलें.

महाराष्ट्रांतील जुन्या घरांतही ही वृत्ति अपरिचित नव्हती. भोजनापूर्वीं गाईचा घांस बाजूला काढण्याची चाल होती. वसुबारसेची सवत्स धेनूची पूजा आणि पोळ्याच्या दिवशीं बैलांना विश्रांति, झूल व पुरणपोळीचा घांस, हें आजही चालू आहे. मात्र त्या नात्यांत कामाचा वांटा मोठा होता. गाय दूध देई, बैल नांगर ओढी, कुत्रें राखण करी, मांजर कणगीभोंवतालचे उंदीर मारी. शहरांतील तिसर्‍या मजल्यावरच्या बिर्‍हाडांत यांपैकीं एकही काम उरलेलें नाहीं. तेथें दाराला कुलूप आहे, धान्य डब्यांत आहे आणि दूध पिशवींतून येतें. तरीही मोती दाराशीं वाट पाहतो आणि मनी उशापाशीं निजते. उपयोग संपला, नातें राहिलें.

या नात्यांत दोन चुका संभवतात. पहिली, प्राण्याला खेळणें समजण्याची; दुसरी, त्याला माणूस समजण्याची. लाडानें भरविलेलें चॉकलेट, कांदा किंवा मनुका कुत्र्याला विषासमान ठरतात. रानांतील पोपट पिंजर्‍यांत घालून त्याला 'विठू विठू' शिकविणें हेंही प्रेम नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपल्या देशांतील पोपट पाळणें निषिद्ध आहे. ज्याचा जसा स्वभाव, तसें त्याला जगूं देणें, हेंच खरें आपलेपण. शिवाय घरच्याविषयींची जबाबदारी शेजार्‍यांपर्यंत पोंचते. कुत्र्याला श्वानदंशाच्या रोगाची लस वेळच्या वेळीं टोंचविणें हें त्या जबाबदारींतच येतें.

खरी कसोटी मात्र अखेरच्या काळांत लागते. कुत्र्याचें आयुष्य साधारणतः दहा ते तेरा वर्षांचें. ज्या मुलाच्या पांचव्या वाढदिवसाला पिलूं घरीं आलें, तें मूल महाविद्यालयांत जाऊं लागतें, त्या सुमारास पिलूं जख्ख म्हातारें झालेलें असतें. डोळ्यांवर पडदा येतो, जिना चढवत नाहीं, रात्रीं सतरंजी ओली होते. नेमका अशाच वेळीं बदलीचा हुकूम येतो, आणि घरांतील कोणीतरी हलक्या आवाजांत म्हणतें, "याला कोठें तरी सोडून आलें तर?" हाच प्रश्न आजोबांविषयीं विचारण्याचा धीर कोणाला होईल काय? मग कालपर्यंत जो घरचा होता, तो आज 'कोठें तरी' सोडण्याजोगा कसा झाला? भूक-तहानेनें हाल होतील अशा स्थितींत प्राण्याला विनाकारण टाकून देणें, हा १९६० च्या कायद्यानें गुन्हाही आहे.

मुंबईनें या बाबतींत एक जुना धडा घालून दिला आहे. १८३२ सालीं सरकारी हुकुमानें बेवारशी कुत्रीं मारण्याचा सपाटा सुरू झाला, तेव्हां पारशी मंडळींनीं त्याविरुद्ध उठाव केला आणि शहराचा व्यवहार बंद पाडला. पाठोपाठ १८३४ सालीं सर जमशेटजी जिजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें तेथील पांजरपोळ स्थापन झाली. ज्यांचें कोणी नव्हतें, त्यांच्यासाठीं परक्यांनीं एवढें केलें. मग ज्याला घरानें नांव दिलें, त्याच्यासाठीं त्या घरानें किती करावें?

म्हातार्‍या मोतीच्या अंगावर गोणपाट पांघरणार्‍या आईकडे मुलें पाहत असतात. जो आतां कांहींच देऊं शकत नाहीं, त्याच्याशीं कसें वागावें, हें तीं तेथें शिकतात. तीं मोठीं होतात. आईही एके दिवशीं म्हातारी होते.